डब्यात पाणी कोणी घातलं

ती. वैजनाथमामा यांना,

दिपालीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण उजव्या हाताला इंजिनाचा चटका बसला होता तो अजून हुळहुळतो, तेव्हा सध्या तो सात अंगांनी स्वीकारावा. आठवं अंग बरं झालं की प्रत्यक्ष येऊन भरपाई करीन. तुमची शुगर, मामींची कंबर आणि जामखेडचा पाणीपुरवठा या तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे आई, अण्णा आणि झुंबरआत्या सगळे बरे आहेत आणि एकमेकांशी बोलतही आहेत. मध्यंतरी काही दिवस तसं नव्हतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवता आणि मग माझं बोलणं घरात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ऐकतो. मागच्या वेळी मी ‘इंटरकूलर साफ करावा लागला’ म्हणाले, तेव्हा तिकडून कोणीतरी ‘आरारा, लगीन व्हायच्या आधीच!’ असं म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. त्याच संभाषणातून पुढे जामखेडभर तीन बातम्या पसरल्या असं आईकडून कळलं : आमची गाडी दूध देते, मी इंजिन अंगणात मांडून बसले आहे, आणि अण्णांनी माझ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे गाडीला सील ठोकलं आहे. यातली पहिली बातमी खोटी आहे, दुसरी अतिशयोक्त आहे आणि तिसरी खरी आहे, पण तिचं कारण वेगळं आहे. लेखी असलेलं बरं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मुख्य गोष्ट आधी. मी नगरला ज्या पंपांच्या कंपनीत आहे, ती मला टेस्टिंग विभागात घ्यायला तयार झाली. तिथे पंप मोडेपर्यंत चालवतात आणि का मोडला ते शोधतात. (वस्तू मोडली की शाबासकी मिळते अशी दुसरी जागा मला माहीत नाही.) ही जागा मला हवी आहे. हे वाक्य मी घरात एकदाच म्हटलं, इथेही एकदाच लिहिते. अडचण एवढीच की तिथे सेकंड शिफ्ट असते, ती सुटते तोवर आपल्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि कंपनीची बस नगरच्या बाहेर येत नाही. म्हणजे गाडी हवी. म्हणजे तुम्हीच पसंत करून दिलेली आपली पांढरी डिझेल गाडी. आणि नेमकी तीच अण्णांनी विकायला काढली, कारण करंजीच्या घाटात ती निळा धूर सोडायला लागली होती. कंपनीला पुढच्या महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. बोलाचाली होऊन असं ठरलं की तोवर गाडी निर्दोष ठरली तर ती माझी, नाहीतर काकासाहेबांची.

काकासाहेब तुम्हाला आठवत असतील. मागच्या जत्रेत तुमच्या गाडीला प्रदक्षिणा घालून ‘पाहुनं, द्यायची का?’ असं विचारणारे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. गाड्यांची खरेदी-विक्री करतात. गाडी आजारी पडली की ती दवाखान्यात नेण्याआधी काकासाहेब दारात हजर असतात. त्यांनी ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढली, तिचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ताई, टर्बो गेला म्हंजी मानूस गेल्यावानी हाय. रडायचं आन् उरकायचं.” अण्णांना हे पटलं. अण्णा दूध डेअरीचे सचिव असल्यामुळे वास घेऊन दिलेल्या निकालावर त्यांचा पूर्वीपासून विश्वास आहे.

प्रत्यक्षात टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेलेला नव्हता. इंजिन चालताना सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली ऑईलच्या पोटात उतरतो. तो तिथे कोंडला तर दाब वाढतो, म्हणून त्याला बाहेर यायला एक नळी दिलेली असते. इंजिनाचा ढेकर म्हणा. पण हा ढेकर उघड्यावर सोडायला परवानगी नाही, म्हणून तो टर्बोच्या तोंडाशी नेऊन इंजिनालाच परत गिळायला लावतात. (हे ऐकून आत्या म्हणाली, “शिक्षेलाच हाय मग बिचारं.”) त्या ढेकरात ऑईलचे बारीक थेंब असतात. टर्बोची तापलेली हवा गार करणारी एक जाळी पुढे असते, तोच इंटरकूलर. थेंब तिथे साचत राहतात. मग घाट लागला, पाय दाबला, की साचलेलं ऑईल एकदम ओढलं जातं आणि जळतं. आमचा धूर तोच होता. यावर उपाय म्हणजे त्या नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा. ढेकर डब्यात शिरतो, आतल्या तारेच्या जाळीवर आपटतो, ऑईल खाली गळतं आणि कोरडी हवा पुढे जाते. साठलेलं ऑईल अधूनमधून खालच्या तोटीने काढून टाकायचं. त्याचं नाव ऑईल कॅच कॅन. घरात त्याचं नाव ‘दिपीचा डबा’.

डबा मी कंपनीतल्या वेल्डरकडून स्टीलचा करून घेतला; वर आट्यांचं झाकण, बाजूला दोन नळ्या, खाली तोटी. जाळीसाठी तारेची नवी घासणी घेतली आणि जाळीच्या खाली-वर भोकांच्या चकत्या बसवल्या. इथवर सगळं मोजमापाप्रमाणे चाललं होतं. रात्री डबा ओट्यावर ठेवला ही माझी चूक. सकाळी उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं. चौकशी केली तेव्हा झुंबरआत्याने शांतपणे सांगितलं की नवं भांडं घरात रिकामं ठेवू नये, म्हणून तिने हळदकुंकू लावून नळीतून पाच गहू आत सोडले आहेत. मी तिला सांगितलं की टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्यात गहू गेला तर चाक संपेल. आत्या म्हणाली, “गव्हानं आजवर कुनाचं वाईट झालंय व्हय?” मी झाकण काढून डबा उपडा केला. चार गहू निघाले. आत्याला पुन्हा विचारलं. “पाच म्हंजी पाच. मला काय मोजता येत न्हाई का?” त्यामुळे अख्खी घासणी वेढ्या-वेढ्याने उलगडावी लागली. पाचवा गहू मधोमध अडकला होता. (घासणी उलगडताना आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर तिने तुमच्या लहानपणी तुमच्यावरही वापरली असणार.) दुसरी घासणी आणली. तिचं पाकीट मी गाडीच्या डिकीतच फोडलं.

मग पाइपचा प्रश्न आला. साधा रबरी पाइप ऑईलने फुगतो आणि कुजतो. त्यासाठी आतून ऑईलला टिकणारा, वरून सुतळीचं वेष्टण असलेला पाइप लागतो. अण्णा डेअरीच्या कामाला नगरला निघाले होते, त्यांना मी चिठ्ठीवर लिहून दिलं. संध्याकाळी एसटीतून उतरून दारात येते तो अण्णांनी पाइप आणून, कापून, बसवून गाडी सुरूही केलेली होती. पाइप मात्र दूध काढायच्या मशीनचा होता, पारदर्शक. चिठ्ठीचं काय झालं विचारलं तर म्हणाले, “दुधाला चालतो, मानसाच्या पोटात जातं त्यातलं, मंग इंजिनाला काय धाड भरली? आन् आतलं दिसलं पायजे. कारभार पारदर्शक पायजे.” काकासाहेब बॉनेटमध्ये वाकून आतला कारभार बघत होते. मी इंजिन बंद करा असं म्हणत होते तेवढ्यात ते पुरेसं तापलं, पाइप मऊ पडला, टर्बोच्या ओढीने वालाच्या शेंगेसारखा चपटा झाला आणि ढेकराची वाट बंद झाली. दाब दुसरी वाट शोधतो. ऑईलची पट्टी टण्णकन वर उडाली आणि तिच्यामागून जे आलं ते काकासाहेबांच्या शर्टावर गळ्यापासून खिशापर्यंत गेलं. काकासाहेबांनी शर्ट दोन बोटांनी छातीपासून लांब धरला. मग म्हणाले, “लई इंजिनं पाह्यली. थुकनारं पयलंच.” अण्णांनी तो पाइप काढून गोठ्यात टांगला, आणि मी दुसऱ्या दिवशी योग्य पाइप आणला तेव्हा तो हातात घेऊन, वाकवून, ‘मी हेच म्हनत हुतो’ अशा अर्थाचा हुंकार दिला.

रविवारी इंटरकूलर खोलला. आतून पेलाभर काळं ऑईल निघालं. डिझेलने धुऊन उन्हात पूर्ण वाळवला, परत बसवला, डबा बॉनेटच्या आतल्या भिंतीला, तापणाऱ्या भागापासून लांब, पट्टीने पक्का केला, क्लिपा आवळल्या. चटका याच वेळी बसला आणि त्याला कारण मी आहे, गाडी नाही. मग अण्णांच्या अटीप्रमाणे घाटाची परीक्षा झाली. गाडीत मी, अण्णा, आई, आत्या, शिवाय वजनासाठी पेंडीची दोन पोती, एसी सुरू, मागून मोटारसायकलवर काकासाहेब, नव्या पांढऱ्या शर्टात. (मी तशी मागणी केली नव्हती, पण धूर मोजायला याहून चांगलं साधन मला सुचलं नसतं.) घाट संपल्यावर शर्ट तपासला. पांढरा होता. काकासाहेब म्हणाले, “धूर न्हाई म्हना, पर वास येतोय.” अण्णांनी त्यांना सांगितलं की तो पेंडीचा आहे. परतीच्या वाटेवर मला वाटलं की काम झालं.

काम झालं नव्हतं. तोवर मी एसटीनेच नगरला जात होते आणि गाडी अण्णांकडे होती. ते सकाळ-संध्याकाळ तीच घेऊन डेअरीत जायचे. पंधरवड्याने मी डब्याची तोटी सोडली. ऑईल काळं किंवा तपकिरी यायला हवं. आलं ते पिवळसर पांढरं, दाट, लस्सीसारखं. तुमच्या पहिल्या बातमीचा उगम इथे आहे. आई म्हणाली, साय धरलीय. मला लगेच कळलं की ऑईलमध्ये पाणी घुसळलं गेलंय. डिझेल जळताना वाफ होतेच. थंडीच्या दिवसांत इंजिन तापायच्या आधीच बंद केलं तर ती वाफ आतच गार होते आणि डब्यात येऊन बसते. एरवी ती बाहेर निघून जाते. यात इंजिनाचा काही दोष नसतो. पण ‘पाणी’ हा शब्द मी अण्णांसमोर उच्चारायला नको होता.

अण्णांचं सगळं आयुष्य पाणी पकडण्यात गेलेलं आहे. त्यांनी ती लस्सी दुधाच्या तपासणीच्या नळीत ओतली आणि घरातला लॅक्टोमीटर आणला. शुद्ध दुधात तो वर तरंगतो, पाणी असेल तसा खाली जातो, आणि नुसत्या पाण्यात शून्यावर उभा राहतो. इथे तो शून्याच्याही खाली गेला, तळाला टेकला आणि वर आलाच नाही. ऑईल पाण्याहून हलकं असल्यामुळे हे असंच होणार होतं. पण अण्णांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला हाक मारून दाखवलं आणि सांगितलं, “आगं, ह्याच्यात पान्यापरीस जास्त पानी हाय.”

मी वाफेचं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार दुःखाने बघितलं. वाफेचं कारण त्यांनी याआधी गावातल्या निम्म्या दूधवाल्यांकडून ऐकलेलं आहे. (उरलेल्यांनी भांडं ओलं होतं असं सांगितलेलं आहे, आणि एकाने म्हैस पावसात भिजल्याचं.) “दिपे, पानी आपसूक येत न्हाई. पानी घालनारा असतो,” असं ते म्हणाले. त्यांच्या मते दोनच शक्यता होत्या. एकतर कोणीतरी मुद्दाम डब्यात पाणी घालतंय, म्हणजे गाडी स्वस्तात पडावी म्हणून काकासाहेब. नाहीतर हेड गॅस्केट फुटून रेडिएटरचं पाणी ऑईलमध्ये उतरतंय, म्हणजे इंजिन कामातून गेलं. (रेडिएटरचं पाणी तसूभरही कमी झालेलं नाही हे मी दाखवलं. अण्णा म्हणाले, हुशार माणूस भर घालून ठेवतो.) आणि मग त्यांनी ते केलं, ज्यामुळे तुमच्यापर्यंत तिसरी बातमी पोचली. दुधाच्या टँकरला लावतात ती तार आणि शिशाची गोळी आणून, बॉनेटच्या कडीत ओवून, डेअरीच्या पकडीने सील दाबलं. म्हणजे संशय माझ्यावर नव्हता, मामा. अख्ख्या गावावर होता.

आठवडाभर आमची गाडी सीलबंद अवस्थेत डेअरीत गेली आणि आली. लोक विचारायचे तेव्हा अण्णा ‘चौकशी चालू हाय’ एवढंच सांगायचे. आठवड्याने त्यांनी स्वतः सील तपासलं, ते शाबूत होतं, तोडलं. मी तोटी सोडली. पुन्हा लस्सी. अण्णांचा चेहरा एकदम उतरला. कोणी पाणी घातलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. चोराला धरता येतं. आता फक्त इंजिन उरलं होतं. काकासाहेब तिथे होतेच, त्यांनी ‘गॅस्केट’ हा शब्द सांत्वनाच्या सुरात तीनदा म्हटला आणि येत्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो असं सांगितलं. अण्णा हो म्हणाले.

महिना संपायला तेवढाच आठवडा उरला होता. वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून मी नियम काढला. तुमच्याच डेअरीत, मी म्हटलं, ज्याच्या दुधात पाणी निघतं त्याला फेरतपासणी मागायचा हक्क असतो. आठ दिवस वेगळं भांडं, वेगळा हात, सील तेच. मला फेरतपासणी पाहिजे. काकासाहेब म्हणाले, आता कशाला ताई, उगा जीव लावताय. अण्णा मात्र सीलची पकड आणायला उठले. हा हक्क त्यांनी आजवर कोणालाही नाकारलेला नाही. ज्याला पाणी घालताना प्रत्यक्ष पकडलं त्यालाही नाही. त्यांनी नवी तार ओवली, शिशाची गोळी दाबली आणि किल्ली माझ्याकडे दिली. तो आठवडा गाडी मी नगरला नेली. जाताना घाट, येताना घाट, इंजिन रोज चांगलं तापून. अण्णा डेअरीत चालत गेले.

रविवारी काकासाहेबांचं गिऱ्हाईक यायच्या आत मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. अण्णांनी सील बघितलं, भिंग लावून बघितलं, तोडलं. तोटी सोडली. थोडंसंच ऑईल आलं, काळं, पातळ, त्यात सायीचा मागमूस नाही. अण्णांनी तरीही लॅक्टोमीटर आणला आणि तो परत तळाला गेला, तेव्हा ते मला दाखवायला लागले. मी म्हटलं, यात लॅक्टोमीटर काही सांगू शकत नाही, तो दुधाचा आहे. हे जरा उन्हात राहू द्या. आधीच्या आठवड्याची लस्सी मी बाटलीत राखून ठेवली होती. नवं ऑईल दुसऱ्या बाटलीत भरलं, दोन्ही बाटल्या अंगणातल्या ओट्यावर शेजारी ठेवल्या आणि आम्ही चहा घेतला. उन्हाने पहिल्या बाटलीतली साय फुटली आणि तळाला बोटभर स्वच्छ पाणी बसलं. दुसऱ्या बाटलीत तळापर्यंत ऑईलच. हा निकाल अण्णांना वाचता येत होता. यासाठी त्यांना माझी गरज नव्हती. त्यांनी उकिडवं बसून पहिल्या बाटलीतलं पाणी बोटाने मोजलं.

“मंग ह्या बाटलीत पानी घालीत हुतं कोन?” त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार होते, मनात वाक्य तयारही होतं, पण आत्या तांदूळ निवडत बसली होती, ती वर न बघताच अण्णांना म्हणाली, “रंगू, त्या आठवड्यात गाडी कोन चालवीत हुतं?”

“मी.”

“आन् ह्या?”

“दिपी.”

“झालं की मग,” असं म्हणून आत्याने एक खडा अंगणात फेकला.

मग मी वाफेचं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी आईने मदत केली. दूध तापायला ठेवून गार झाकण घातलं की झाकणाला पाणी धरतं. झाकणही तापलं की धरत नाही. डेअरी हाकेच्या अंतरावर नाही, पण इंजिन तापावं इतकी लांबही नाही. रोज दोनदा नुसतं गार झाकण घालायचं आणि उचलायचं, असं चाललं होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग उभे राहिले आणि मीटिंगमध्ये ठराव वाचतात त्या आवाजात म्हणाले, “पानी आपसूक आलं न्हाई, हे तर खरंच निघालं. घालनारा घावला. आन् आपल्याकडं नियम हाय, ज्याच्याकडं पानी निघालं त्याचं बंद. मग त्यो सचिव असंना.” किल्ली माझ्याकडेच होती, ती त्यांनी मागून घेतली आणि परत माझ्या हातावर ठेवली. तेवढ्यात काकासाहेब गिऱ्हाइकाला घेऊन फाटकातून आत आले. अण्णांनी त्यांना सांगितलं, गाडी इकायची न्हाई, गाडीत पानी घालनारा सापडला, तो मीच हाय. काकासाहेबांनी गिऱ्हाइकाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि म्हणाले, “आन् आता मी ह्या पाहुन्यास्नी काय दाखवू? सचिव?”

कंपनीला मी होकार कळवला आहे. एक तारखेपासून टेस्टिंग विभागात आहे. डबा मी आठवड्याला रिकामा करते, गाडी घाटात धूर सोडत नाही. वरील मजकुरावरून तिन्ही बातम्यांचा खुलासा व्हावा आणि तो जामखेडमध्ये योग्य ठिकाणी पोचवावा. पोचवताना ‘इंटरकूलर’ हा शब्द टाळावा. मामींना नमस्कार (हा आठही अंगांनी, कारण त्या मोजत नाहीत).

आपली भाची,
दिपाली

ता. क. — वरचं सगळं फोनवर सांगण्यासारखंच होतं. पत्र लिहायचं खरं कारण असं की तुमच्या पोर्चमध्ये मामींची सेल्फ-स्टार्टची स्कूटर प्लास्टिकच्या कागदाखाली उभी आहे आणि मामी आता ती चालवत नाहीत. ती अण्णांना पाहिजे आहे. अण्णांना हे माहीत नाही आणि कळताही कामा नये. दाजींनी मेहुण्याकडे वस्तू मागायची नसते. मेहुण्याने गळ्यात मारली तरच घ्यायची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा तुम्ही टेम्पोत घालून ती घेऊन यावं आणि गळ्यात मारावी. अण्णा तीनदा नको म्हणतील. चौथ्यांदा विचारण्याची तयारी ठेवून यावं.

ता. क. २ — कारण विचारलं तर असं सांगावं : ‘दाजी, गाडी उभी राहून बिघडायला लागली आहे, रोज थोडी-थोडी, जवळच्या जवळ चालवली पाहिजे, तेवढे उपकार करा.’ हे या पत्रात मी जे सिद्ध केलं त्याच्या बरोबर उलट आहे, याची मला कल्पना आहे. स्कूटरही थोडी-थोडी चालवली तर तिच्यातही तेच होणार. ऑईल मी लवकर-लवकर बदलत जाईन. तुम्ही बोलताना मी खाली बघत उभी राहीन; माझ्याकडे बघू नये.

ता. क. ३ — अण्णा डेअरीत गाडी मिरवायला नेत होते असं मलाही वाटत होतं. उजव्या गुडघ्यामुळे त्यांना मोटारसायकलला किक मारता येत नाही, हे आईने मला परवा सांगितलं, तेही त्यांनी सांगू नको म्हटलेलं असताना. आता गाडी माझ्याकडे आहे आणि ते पायी जातात. ‘चालनं चांगलं असतं’ असं जाताना म्हणतात. येताना काही म्हणत नाहीत.